कच्च्या चिकनमधले जिवाणू: जबाबदारी शेडची, कारखान्याची की स्वयंपाकघराची?

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांतून हातापायांतली शक्ती गेलेले रुग्ण एकापाठोपाठ रुग्णालयांत येऊ लागले. निदान होतं गिया-बारे सिंड्रोम, म्हणजे वर्तमानपत्रांतून घराघरांत पोचलेला ‘जीबीएस’. रुग्णसंख्या पुढे दोनशेच्या वर गेली. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तपासलेल्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. संशयाचा मुख्य रोख दूषित पाण्यावर होता. पण कॅम्पिलोबॅक्टरचं नाव निघालं की कोंबडीचं नाव निघतंच, आणि तसंच झालं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पाण्याबरोबर चिकनचाही उल्लेख केला. कोंबड्या मारून टाकण्याची गरज नाही, मांस नीट शिजवून खा, असंही सांगितलं.

‘नीट शिजवून खा’ या सल्ल्यात एक जुना वाद दडलेला आहे. कच्च्या कोंबडीवर रोगजंतू असणं हा मालातला दोष मानायचा, की कच्च्या मांसाचा स्वभाव? दोष मानला तर तो काढण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. स्वभाव मानला तर सांभाळून घेण्याची जबाबदारी रांधणाऱ्याची. अमेरिका, ब्रिटन, स्कँडिनेव्हिया, न्यूझीलंड या देशांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिली आणि त्यांचे परिणामही पाहिले. आपल्याकडे हा प्रश्न अजून नीट मांडलाच गेलेला नाही.

जिवाणू कोणते आणि ते येतात कुठून

कच्च्या चिकनच्या चर्चेत दोन नावं मुख्य आहेत: साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर. ई. कोलाय, लिस्टेरिया, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हेही असतात, पण धोरणांची भांडणं झाली ती या दोघांवरून.

साल्मोनेला म्हटलं की आपल्याला टायफॉइड आठवतो. टायफॉइडचा साल्मोनेला फक्त माणसात राहतो, तो कोंबडीतून येत नाही. कोंबडीतून येणारे साल्मोनेला वेगळे, मुख्यतः एन्टेरिटिडिस आणि टायफीम्युरियम. ते बहुतेकांना ताप, जुलाब, पोटात मुरडा देऊन चार-सात दिवसांत सोडतात. तान्ही मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या मात्र रक्तात शिरू शकतात.

कॅम्पिलोबॅक्टरचा स्वभाव निराळा. त्याला हवेतल्याइतका प्राणवायू सोसत नाही आणि तीस अंश सेल्सियसच्या खाली तो वाढत नाही. कोंबडीच्या शरीराचं तापमान एकेचाळीस-बेचाळीस अंश असतं, म्हणून तिचं आतडं हे त्याचं आवडतं घर. पक्षी दोन-तीन आठवड्यांचा झाला की शेडमध्ये तो कुठून तरी शिरतो आणि काही दिवसांत सगळ्या शेडभर पसरतो. कोंबडी आजारी दिसत नाही, वजन नीट भरतं, त्यामुळे शेतकऱ्याला पत्ताही लागत नाही. माणसाला आजारी पाडायला त्याची मात्रा फार लागत नाही; स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांत काही शे जिवाणू पुरेसे ठरले. साधारण हजार आजाऱ्यांमागे एकाला पुढे गिया-बारे होतो: शरीराची प्रतिकारशक्ती जिवाणूशी लढताना स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते.

आतड्यातला हा जिवाणू मांसावर पोचतो तो कत्तलीच्या वेळी. कारखान्यात पक्षी पन्नास ते साठ अंशांच्या पाण्यात बुडवतात, रबरी बोटांच्या यंत्राने पिसं काढतात, यंत्राने आतडी ओढून काढतात, मग गार करतात. एकाच पाण्यातून शेकडो पक्षी जातात, यंत्राची बोटं एकाची विष्ठा दुसऱ्याच्या कातडीत दाबतात, आणि ओढताना फाटलेलं एक आतडं पुढच्या अनेकांना बाधवतं. कातडीवरच्या पिसांच्या छिद्रांत बसलेले जिवाणू नुसत्या पाण्याने निघत नाहीत. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ इथे आहे: रोग न झालेल्या पक्ष्याचं मांस, दिसायला स्वच्छ, वासाला ताजं, आणि तरी बाधित.

प्रश्न मोठा कसा झाला

साल्मोनेला १८८५ मध्ये थिओबाल्ड स्मिथ यांनी वेगळा काढला. नाव मिळालं त्यांचे वरिष्ठ पशुवैद्य डॅनियल साल्मन यांचं. कॅम्पिलोबॅक्टरला मात्र फार वाट पाहावी लागली. थिओडोर एशेरिश यांनी १८८६ मध्येच जुलाबाने दगावलेल्या बाळांत नागमोडी जिवाणू पाहिले होते, पण ते प्रयोगशाळेत वाढेनात. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या वूस्टरच्या मार्टिन स्किरो यांनी साधी, कुठल्याही रुग्णालयाला जमेल अशी पद्धत दाखवली. त्यांनी तपासलेल्या ८०३ जुलाबाच्या रुग्णांपैकी ५७ जणांत हा जिवाणू निघाला. जुलाब नसलेल्या १९४ जणांत एकातही नाही. शतकभर नजरेआड राहिलेला आजार अचानक सगळीकडे दिसू लागला.

याच काळात कोंबडी सणासुदीच्या पानातून रोजच्या पानात आली. मोठी शेडं, चाळीस दिवसांत तयार होणारा ब्रॉयलर, तासाला हजारो पक्षी हाताळणाऱ्या यंत्रांच्या रांगा. मांस स्वस्त झालं, कोट्यवधी घरांना प्रथिनं परवडू लागली, आणि एका शेडमधला जिवाणू एका दिवसात अनेक शहरांत जाण्याची सोयही झाली.

धोरणं मात्र संशोधनापेक्षा संकटांनी हलली. स्वीडनमध्ये १९५३ साली आल्वेस्टा इथल्या कत्तलखान्यातून साल्मोनेला पसरून सुमारे नऊ हजार लोक आजारी पडले आणि नव्वदच्या आसपास दगावले. तो माल कोंबडीचा नव्हता, पण त्या धक्क्यातून स्वीडनने प्राण्यांतून साल्मोनेला हटवण्याचा कार्यक्रम उभारला आणि कोंबड्याही त्यात आल्या. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९८८ मध्ये आरोग्य राज्यमंत्री एडविना करी यांनी देशातली बहुतेक अंडी साल्मोनेलाबाधित असल्याचं विधान केलं. अंड्यांची विक्री कोसळली, दोन आठवड्यांत त्यांना पद सोडावं लागलं. विधान अतिरेकी होतं, चिंता खरी होती. अमेरिकेत १९९३ मध्ये एका साखळी उपाहारगृहाच्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ-१५७ पसरला, मुलं दगावली. पुढच्या वर्षी सरकारने हा जिवाणू असलेलं कच्चं गोमांस ‘भेसळयुक्त’ ठरवलं. साल्मोनेला असलेली कोंबडी भेसळयुक्त का नाही, हा प्रश्न तिथून आजतागायत सुटलेला नाही.

पहिली भूमिका: चूल हीच खरी कसोटी

या भूमिकेचा कायदेशीर पाया १९७४ च्या अमेरिकी निकालात आहे. मांसाच्या पाकिटावर साल्मोनेलाचा इशारा छापावा, अशी सार्वजनिक आरोग्य संघटनेची मागणी होती. न्यायालयाने ती फेटाळली. रांधणाऱ्या बायकांना मांस शिजवायची अक्कल असते, शिजवल्यावर धोका राहत नाही, म्हणून कच्च्या मांसातला साल्मोनेला हा दोष नव्हे, असा त्या निकालाचा आशय.

शास्त्र या बाजूला बरंच आहे. मांसाचा मधला भाग ७४ अंशांवर पोचला, किंवा ब्रिटिश शिफारशीप्रमाणे ७० अंशांवर दोन मिनिटं राहिला, की दोन्ही जिवाणू मरतात. शून्य जिवाणूंचं कच्चं मांस कुठलाही कारखाना हमखास देऊ शकत नाही. मग शेवटचा आणि सर्वांत खात्रीचा उपाय ज्याच्या हातात आहे त्याला शिकवावं, हे तर्काला धरून आहे. ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने २०१४ मध्ये ‘कच्चं चिकन धुऊ नका’ अशी मोहीम काढली ती याच विचाराने: नळाखाली धुताना उडणारे तुषार जिवाणू ओट्यावर आणि भांड्यांवर नेतात.

या भूमिकेची मर्यादा २०१९ च्या एका अभ्यासात स्वच्छ दिसते. अमेरिकी कृषिखात्याने नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाबरोबर लोकांना प्रायोगिक स्वयंपाकघरात चिकन आणि सॅलड करायला लावलं; मांसावर निरुपद्रवी खुणेचे जिवाणू लावलेले होते. चिकन धुणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांच्या सिंकमध्ये ते जिवाणू सापडले आणि २६ टक्क्यांच्या सॅलडमध्ये पोचले. पण न धुणाऱ्यांपैकीही ३१ टक्क्यांच्या सॅलडमध्ये ते निघाले! कारण हात नीट धुतले गेले नव्हते. हे लोक निष्काळजी नव्हते. ते साधे, घाईत रांधणारे लोक होते. शिजवण्याने मांस सुरक्षित होतं, हात, पाट आणि कोशिंबीर होत नाही. या आकड्यांनंतर सगळा भार स्वयंपाकघरावर टाकणं मला न्याय्य वाटत नाही.

दुसरी भूमिका: कारखान्यावर मर्यादा घाला

अमेरिकेने १९९६ मध्ये ‘हॅसप’ पद्धत सक्तीची केली. कत्तलीच्या रांगेत जिवाणू कुठे वाढू शकतात ते आधी ओळखायचं, तिथे नियंत्रण ठेवायचं, नोंदी ठेवायच्या आणि साल्मोनेलाची ठरावीक मर्यादा पाळायची. निरीक्षकाने डोळ्यांनी पाहून, नाकाने हुंगून मांस पास करण्याची जुनी रीत मागे पडली. मर्यादा ओलांडणाऱ्यावर कारवाईचा दात मात्र लवकरच बोथट झाला. टेक्सासमधल्या एका गोमांस कंपनीच्या खटल्यात २००१ मध्ये न्यायालयाने ठरवलं की, फक्त साल्मोनेलाची चाचणी नापास झाली म्हणून सरकारला कारखाना बंद पाडता येणार नाही.

याचा अर्थ काय होतो, ते २०१३-१४ मध्ये दिसलं. फॉस्टर फार्म्स या कंपनीच्या चिकनशी जोडलेल्या साल्मोनेला हायडलबर्गच्या साथीत २९ राज्यांत आणि प्वेर्तो रिकोत ६३४ जणांच्या आजाराची नोंद झाली. साथ वर्षाहून अधिक चालली. माल परत बोलावला गेला तो शेवटी, एका रुग्णाच्या आजाराशी एका ठरावीक मालाचा थेट धागा जुळल्यावर. साल्मोनेला हा दोष नव्हे, ही कायद्याची भूमिका असल्याने तोवर सक्तीला आधार नव्हता.

कारखान्यातल्या उपायांवरून अटलांटिकच्या दोन काठांत वेगळं भांडण आहे. अमेरिकेत गार करतानाच्या पाण्यात क्लोरीन घालायचे. आता बहुतेक ठिकाणी त्याची जागा पेरॅसिटिक आम्लाने घेतली आहे. युरोपीय संघाने १९९७ पासून अशा मांसाला दार बंद केलं. तिथे कोंबडी धुवायला पिण्यायोग्य पाणीच चालतं. सर्वसाधारण समज असा की, युरोपला रसायनाच्या अवशेषांची भीती आहे. युरोपच्याच अन्नसुरक्षा संस्थेने मात्र त्या प्रमाणातले अवशेष आरोग्याला घातक मानलेले नाहीत. खरा आक्षेप असा: शेवटी औषधाने धुवायची सोय असली की शेडपासूनची स्वच्छता ढिली पडते. अमेरिकेचं उत्तर असं: जिवाणू कमी होत असतील तर ते शेवटी कमी झाले की आधी, याने खाणाऱ्याला काय फरक पडतो? हे प्रकरण २००९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेलं आणि अनिर्णित राहिलं.

‘रसायनाने जिवाणू खरंच मरतात का’ हा प्रश्नही उभा राहिला. साउदम्प्टनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये पालकावर केलेल्या प्रयोगात क्लोरीनमुळे साल्मोनेला आणि लिस्टेरिया नेहमीच्या चाचणीत न दिसणाऱ्या, तरी जिवंत, अवस्थेत गेलेले आढळले. पालकावरून कोंबडीचा निष्कर्ष काढता येत नाही, पण चाचणी ‘निर्दोष’ म्हणते तेव्हा ती नक्की काय मोजते, याची शंका त्यातून आली.

अमेरिकी अनुभवातलं सगळ्यात विचार करायला लावणारं तथ्य वेगळंच आहे. २०१७ ते २०२१ या काळात कारखान्यांतल्या चिकनच्या नमुन्यांतलं साल्मोनेलाचं प्रमाण निम्म्याहून घटलं, पण माणसांतल्या साल्मोनेलाच्या आजारांचा दर दोन दशकं जवळपास तसाच राहिला. साल्मोनेलाचे अडीच हजारांहून अधिक प्रकार आहेत. त्यांतले थोडेच माणसाला वारंवार आजारी पाडतात. ‘आहे की नाही’ एवढंच विचारणारी चाचणी निरुपद्रवी प्रकार हटल्याचंही यश मोजते. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी कृषिखात्याने नवा मसुदा मांडला: ग्रॅममागे दहा किंवा अधिक जिवाणू आणि त्यांत ठरावीक घातक प्रकार असतील तर कच्चं चिकन भेसळयुक्त. उद्योगाने खर्चाचा आणि छोट्या कारखान्यांच्या अडचणींचा मुद्दा लावून धरला, ग्राहक संघटनांनी मसुद्याचं स्वागत केलं. एप्रिल २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला.

तिसरी भूमिका: शेडमध्येच रोखा

नॉर्डिक देशांचं म्हणणं सरळ होतं: जिवाणू पक्ष्यात शिरलाच नाही तर पुढचा वाद उरत नाही. स्वीडन आणि डेन्मार्कने पैदाशीच्या कोंबड्यांपासून सुरुवात केली, खाद्य तपासलं, बाधित कळप नष्ट केले, भरपाई दिली. फिनलंडच्या एस्को नुर्मी यांनी १९७३ मध्ये दाखवलं की, निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू नव्या पिल्लाला पाजले तर साल्मोनेलाला आतड्यात जागा मिळत नाही. उबवणी यंत्रातून निघालेलं पिल्लू आईच्या सहवासाला मुकतं आणि त्याबरोबर तिच्या आतड्यातल्या राखणदारांनाही. नुर्मी यांनी ती उणीव भरली. ब्रिटनने लसीकरणाचा रस्ता धरला. १९९८ पासून ‘लायन’ शिक्क्याच्या अंड्यांसाठी कोंबड्यांना साल्मोनेलाची लस दिली जाऊ लागली, आणि २०१७ मध्ये त्याच देशाने गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनाही अशी अंडी अर्धकच्ची खायला हरकत नसल्याचं सांगितलं. एडविना करी यांच्या विधानापासून इथपर्यंतचा प्रवास तीस वर्षांच्या आतला आहे. या साऱ्या आढाव्यात मला सर्वांत आश्वासक वाटणारी गोष्ट हीच.

कॅम्पिलोबॅक्टरपुढे मात्र ही वाट अडते. त्याच्यावर बाजारात लस नाही. तो बुटाच्या तळव्यावरून, माश्यांतून, पाण्यातून शेडमध्ये शिरतो. शेडमधले थोडे पक्षी आधी उचलून बाकीचे वाढायला ठेवण्याच्या रीतीत बाहेरची माणसं आणि पिंजरे मधेच आत येतात आणि धोका वाढतो. मोकळ्यावर फिरणाऱ्या, जास्त दिवस जगणाऱ्या कोंबड्यांत तो सहसा जास्तच आढळतो. ‘गावठी म्हणजे शुद्ध’ या आपल्याकडच्या समजाला या बाबतीत आधार नाही. ब्रिटनमध्ये २०१४-१५ मध्ये दुकानांतल्या ताज्या चिकनची वर्षभर पाहणी झाली तेव्हा ७३ टक्के नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर होता, आणि १९ टक्क्यांत ग्रॅममागे हजाराहून जास्त. युरोपने पुढे हाच हजाराचा आकडा कत्तलखान्यांच्या स्वच्छतेची कसोटी म्हणून घेतला.

शून्याचा हट्ट सोडून संख्या कमी करण्याचा मार्ग न्यूझीलंडने दाखवला. २००६ मध्ये तिथे कॅम्पिलोबॅक्टरच्या जवळपास सोळा हजार रुग्णांची नोंद झाली. बेचाळीस लाखांच्या देशाला हा आकडा प्रचंड होता. सरकारने कारखान्यांना मांसावरच्या जिवाणूंच्या संख्येचं उद्दिष्ट घालून दिलं, धुण्याच्या आणि गार करण्याच्या पद्धती सुधारून घेतल्या, आणि जिवाणूंच्या जनुकीय खुणा जुळवून रुग्णांपैकी किती कोंबडीमुळे हे मोजत राहिलं. २००८ मध्ये रुग्णसंख्या सात हजारांच्या आत आली. आइसलंडने बाधित कळपाचं मांस ताजं न विकता गोठवून विकायला लावलं. गोठवल्याने कॅम्पिलोबॅक्टर मोठ्या प्रमाणात मरतो. साल्मोनेला त्याला फारशी दाद देत नाही.

कोंबडीचा वाटा किती, याचा पुरावा दोन संकटांनी अनपेक्षितपणे दिला. बेल्जियममध्ये १९९९ साली खाद्यात डायॉक्सिन सापडल्याने चिकन बाजारातून उचललं गेलं आणि कॅम्पिलोबॅक्टरचे आजार सुमारे ४० टक्क्यांनी घसरले. नेदरलँड्समध्ये २००३ च्या बर्ड फ्लूत पक्षी मारले गेले, तेव्हाही आजार कमी झाले. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेचा २०१० चा अंदाज असा: चिकन हाताळण्या-खाण्यातून २० ते ३० टक्के आजार येतात, पण कोंबडी हा साठा म्हणून धरला, म्हणजे तिची विष्ठा, पाणी, परिसर सगळं मिळून, तर ५० ते ८० टक्के. या दोन आकड्यांतलं अंतर फार बोलकं आहे. कोंबडीतला जिवाणू आपल्यापर्यंत येण्यासाठी ताटात कोंबडी असावीच लागते असं नाही.

औषधांचा गुंता

अमेरिकेने १९९५ मध्ये कोंबड्यांना फ्लोरोक्विनोलोन गटाची प्रतिजैविकं द्यायला परवानगी दिली. काही वर्षांतच रुग्णांतले कॅम्पिलोबॅक्टर त्या औषधांना जुमानेनासे झाले, आणि दीर्घ लढ्यानंतर २००५ मध्ये कोंबड्यांसाठी त्याच गटातल्या एन्रोफ्लॉक्सासिनवर बंदी आली. युरोपने २००६ पासून वाढीसाठीची प्रतिजैविकं थांबवली. भारताने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे माणसासाठीचं अखेरचं हत्यार समजलं जाणारं औषध पशुखाद्यातून आणि पोल्ट्रीतून बंद केलं. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश निघाले होते. इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा: मांसातले औषधाचे अंश आणि मांसावरचे औषध न जुमानणारे जिवाणू या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अंश नसलेल्या चिकनवरही असे जिवाणू असू शकतात. आपले नियम आजवर मुख्यतः अंशांविषयी बोलत आले आहेत.

आपल्याकडची गोष्ट वेगळी कशी

वर सांगितलेला सगळा वाद कारखाना गृहीत धरतो. महाराष्ट्रातल्या बहुतांश चिकनला कारखाना दिसतच नाही. करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याच्या शेडमधून रात्री व्यापाऱ्याचा टेम्पो पक्षी उचलतो. या ‘लिफ्टिंग’ला एकाच शेडमध्ये अनेकदा लागोपाठ काही रात्री लागतात, म्हणजे युरोपात जी रीत जोखमीची ठरली ती इथे नेहमीची. पहाटे पिंजरे दुकानापुढे उतरतात. गिऱ्हाईक पक्षी निवडतं, तराजूवर वजन होतं, मान कापून पक्षी ड्रममध्ये जातो, मग लाकडी ओंडक्यावर कातडीसकट पिसं सोलून तुकडे होतात आणि पिशवी हातात येते. रविवारी आणि आखाडातल्या गटारीला रांगा लागतात तेव्हा ओंडका, सुरी आणि हात धुवायला उसंत मिळत नाही.

या पद्धतीतलं सगळंच वाईट नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतो. कातडी निघाल्याने कातडीत बसलेले जिवाणू बरेचसे जातात. पक्षी कापल्यापासून दोन-तीन तासांत चुलीवर चढतो, त्यामुळे साल्मोनेलाला वाढायला फारसा वेळ मिळत नाही. शिवाय तांबडा रस्सा असो, सुकं असो की गोव्याची शागुती, आपलं चिकन बराच वेळ खदखदतं. मध्यभागी गुलाबी राहिलेलं मांस आपण खात नाही. पण ताजेपणाची दुसरी बाजूही आहे. कॅम्पिलोबॅक्टर गोठवण्याने मोठ्या प्रमाणात मरतो. नुकत्या कापलेल्या पक्ष्यावर तो पुरेपूर जिवंत असतो. त्यात पिसं हाताळलेल्या हातांनीच मांस सोललेलं, आणि एकाच ओंडक्यावर सकाळपासूनचे सगळे पक्षी.

आपल्या घरातला धोका म्हणूनच पातेल्यात कमी आणि पातेल्याच्या आसपास जास्त आहे: ज्या विळीवर किंवा पाटावर तुकडे केले तिथेच चिरलेला कांदा, त्याच हाताने पिळलेलं लिंबू, कच्च्या मांसाच्या भांड्यात ठेवलेला तळलेला तुकडा. हळद, मीठ, लिंबू लावून ठेवल्याने जिवाणू खात्रीने मरत नाहीत. ‘धुऊ नका’ हा ब्रिटिश सल्ला पाकिटबंद चिकनसाठी ठीक आहे. रक्त आणि पिसांचे कण लागलेलं दुकानातलं चिकन न धुता कोणी शिजवणार नाही आणि तसं सांगणंही बरोबर नाही. नळाच्या धारेखाली न धरता पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धुवावं, पाणी जपून ओतावं, आणि मग साबणाने हात व मोरी धुवावी, एवढं सांगता येतं. हॉटेलातले तंदूर आणि कबाब यांचा विचार वेगळा करावा लागतो; तिथे बाहेरून करपलेलं मांस हाडाजवळ कच्चं राहू शकतं.

मुलांचा मुद्दा या सगळ्यापेक्षा गंभीर आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. वेल्लोरसह आठ ठिकाणी झालेल्या ‘माल-एड’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे ८५ टक्के बाळांच्या शौचात वयाच्या पहिल्या वर्षातच कधी ना कधी कॅम्पिलोबॅक्टर आढळला, आणि ज्यांच्यात तो वारंवार होता त्यांची उंची कमी भरली. जुलाब होतीलच असं नव्हतं. ही बाळं चिकन खाणारी नव्हती. अंगणातली विष्ठा, पाणी, हात यांतून जिवाणू आला असण्याची शक्यता मोठी. लहानपणीच्या वारंवार संसर्गाने मोठ्यांना काही प्रतिकारशक्ती मिळते, म्हणून आपल्याकडे त्रास कमी जाणवतो, असं म्हटलं जातं. ते काही अंशी खरं असेल, पण त्याची किंमत बाळांची वाढ चुकवत असेल तर तो दिलासा मानता येत नाही.

कायदा आहे. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा, अंमल ऑगस्ट २०११ पासून. परवान्याच्या नियमांत मांस दुकानांच्या स्वच्छतेच्या अटी आहेत, राज्यात अन्न व औषध प्रशासन त्या पाहतं. पण कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मांसावर किती जिवाणू आहेत हे नियमितपणे कोणी मोजत नाही, आणि जिल्ह्याच्या बहुतेक प्रयोगशाळांत कॅम्पिलोबॅक्टर वाढवण्याची सोय नाही. जुलाबाचा रुग्ण येतो, औषध घेतो, बरा होतो. कारण नोंदलं जात नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न मोजमापाचा. न्यूझीलंडला यश मिळालं कारण रुग्णातला, पाण्यातला आणि कोंबडीतला जिवाणू एकमेकांशी ताडून पाहण्याची व्यवस्था तिथे आधी उभी होती. ती नसताना पाणी की चिकन, हा वाद प्रत्येक साथीत नव्याने होत राहील आणि पोल्ट्रीवाल्यांचं नुकसान अंदाजावर होत राहील. काही जिल्ह्यांत निवडक रुग्णालयं, निवडक दुकानं आणि पाण्याचे स्रोत वर्षभर तपासणं आपल्या संस्थांच्या आवाक्यातलं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. कच्च्या चिकनवर कायद्याने मर्यादा घालायची तर ती जिवाणूच्या असण्यावर, संख्येवर की प्रकारावर? तज्ज्ञांचं मत संख्या आणि प्रकार यांच्याकडे झुकतं आहे, पण अशा चाचण्या महाग आहेत आणि अमेरिकेलाही त्या कायद्यात बसवता आलेल्या नाहीत. विकिरणाने दोन्ही जिवाणू मरतात, अमेरिकेत कोंबडीसाठी १९९० पासून आणि आपल्याकडेही त्याला परवानगी आहे, लासलगावच्या केंद्रात कांद्या-आंब्यावर ते होतंही. चिकनसाठी ते फारसं रुजलं नाही, कारण गिऱ्हाईक बिचकतं.

तिसरा प्रश्न दुकानांचा, आणि तो सर्वांत अवघड. गुजरातमध्ये २०२३ साली दुकानातच पक्षी कापण्यावर कारवाई झाली, दुकानं बंद पडली, आणि कायद्याच्या दृष्टीने कोंबडी ‘प्राणी’ ठरते का, ती कत्तलखान्यातच कापली पाहिजे का, हा वाद उच्च न्यायालयात गेला. कत्तल मध्यवर्ती केंद्रात न्यावी म्हणणाऱ्यांकडे स्वच्छ पाणी, देखरेख आणि नोंदींचा मुद्दा आहे. विरोध करणाऱ्यांकडे हजारो छोट्या दुकानदारांच्या पोटाचा, डोळ्यांदेखत कापलेल्या पक्ष्यावर असलेल्या गिऱ्हाइकाच्या विश्वासाचा, आणि एका तांत्रिक शंकेचा आधार आहे: एकाच पाण्यातून शेकडो पक्षी काढणारं केंद्र खराब चाललं, आणि तिथून दुकानापर्यंत थंड साखळी टिकली नाही, तर आज एका ओंडक्यापुरती असलेली बाधा शहरभर जाईल. कापण्याच्या फळीला लाकडाऐवजी धुता येणारा पृष्ठभाग, वाहतं पाणी, पिसं काढणाऱ्या आणि मांस कापणाऱ्या हातांची वेगळी कामं, एवढ्याने दुकानातली बाधा किती घटते याची मोठी, पद्धतशीर तपासणी महाराष्ट्रातल्या दुकानांवर व्हायला हवी. केंद्र की दुकान, हा निर्णय तिच्या आकड्यांवर घेता येईल.